आईला कॉन्ट्रास्टने गांधी उठल्या होत्या, आता पुन्हा सीटी सांगितलाय, तर काय करायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न लांबलचक होता म्हणून आधी माझ्या शब्दात थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल मी कशाचं उत्तर देतोय. आई ५८ वर्षांच्या, चोपड्याकडे राहतात, शुगर आणि बीपी आहे. दोन वर्षांपूर्वी पोटदुखीसाठी जळगावला कॉन्ट्रास्टचा (फोटोत अवयव उजळ दिसावेत म्हणून शिरेतून देतात त्या औषधाचा) सीटी केला, इंजेक्शन गेल्यावर पाच-सात मिनिटांत मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या, खाज सुटली, चार-पाच शिंका आल्या. तिथे एव्हिल (खाज-गांधी बसवणारं इंजेक्शन) दिलं, तासाभरात सगळं बसलं, घरी आले. फाईलवर लाल पेनाने "आयोडीन अ‍ॅलर्जी" लिहून मिळालं. तेव्हापासून घरात मासे बंद, आयोडीनचं मीठ बंद, सैंधव चालू. आता सोनोग्राफीत उजव्या किडनीवर ३ सेंटीमीटरची गाठ दिसली, सर्जन म्हणतात कॉन्ट्रास्टचा सीटी पाहिजेच, मामा म्हणतात बिलकुल करायचा नाही, बाईचा जीव जाईल, आणि एका सेंटरवाल्याने सांगितलं घेऊन या, आम्ही टेस्ट डोस देऊन बघतो. तुम्ही विचारताय ऐकायचं कोणाचं.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, पंचवीसेक वर्षं खान्देशातच काम करतोय, आधी धुळ्याकडे आणि आता जळगाव जिल्ह्यात. हा प्रश्न माझ्यासमोर महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो आणि दर वेळी पेशंटच्या पिशवीत ते एकच वाक्य असतं, "आयोडीन अ‍ॅलर्जी". म्हणून सुरुवात तिथूनच करतो, कारण माझ्या मते तुमच्या आईची खरी अडचण त्या लाल पेनाच्या दोन शब्दांत आहे. त्यातून पुढच्या डॉक्टरला उपयोगाचं काहीच कळत नाही, आणि घरच्यांना मात्र नको तेवढी भीती बसते.

आयोडीनची अ‍ॅलर्जी अशी गोष्ट नसते. आयोडीन हे मूलद्रव्य आहे, आपल्या थायरॉईडच्या हार्मोनमध्येच ते असतं, त्याच्याशिवाय माणूस जगत नाही, मग शरीर त्याच्यावर अ‍ॅलर्जी म्हणून कसं उठेल. कॉन्ट्रास्टच्या बाटलीत असतं ते बेंझिनच्या कड्याला तीन आयोडीनचे अणू घट्ट चिकटवलेलं आणि बाजूला वेगवेगळ्या साखळ्या लावलेलं एक मोठं रेणूचं औषध. आयोडीन तिथे फक्त एवढ्यासाठी घातलंय की ते जड आहे, एक्स-रे अडवतं, त्यामुळे रक्त आणि अवयव फोटोत उजळ दिसतात. रिअ‍ॅक्शन येते ती त्या अख्ख्या औषधाला, त्यातल्या आयोडीनला नाही. ते औषध शरीरात तुटत पण नाही, किडनीवाटे जसंच्या तसं लघवीत निघून जातं, किडनी चांगली असेल तर २४ तासांत जवळपास सगळंच.

आता मासे. माशाची किंवा झिंग्यांची अ‍ॅलर्जी असते ती त्यातल्या प्रथिनाची, झिंग्यांमध्ये ट्रोपोमायोसिन नावाचं आणि माशांमध्ये पार्व्हाल्ब्युमिन नावाचं. कॉन्ट्रास्टशी त्यांचा काही संबंध नाही. जखमेवरचं आयोडीनचं औषध बेटाडीन लावल्यावर कोणाची चामडी लाल होते त्याचाही नाही. तरी आजही कितीतरी ठिकाणी स्कॅनच्या फॉर्मवर "मासे खाल्ल्याने त्रास होतो का" असा प्रश्न छापलेला असतो, आणि तापीकाठचा माणूस बिचारा हो म्हणाला की स्कॅन पुढे ढकलतात. असे पेशंट मी पाहिलेत, पार नवापूर-अक्कलकुव्याकडून दोन गाड्या बदलून आलेले आणि मासे या एका शब्दावरून परत पाठवलेले. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तो माणूस परत येईलच असं काही नसतं.

मग आईला झालं ते काय होतं? तुम्ही लिहिलंय त्यावरून ती अ‍ॅलर्जीसारखीच रिअ‍ॅक्शन होती पण सौम्य. हे मी जरा जपून म्हणतोय कारण मी तिथे नव्हतो आणि मला तुमच्याकडून काही गोष्टी कळायला हव्यात. आवाज बसला होता का, घशात आवळल्यासारखं वाटलं का, छातीत घरघर झाली का, ओठ किंवा जीभ सुजली का, बीपी पडलं का, ऑक्सिजन लावावा लागला का, रात्रभर अ‍ॅडमिट ठेवलं का. ही सगळी उत्तरं नाही असतील, फक्त गांधी, खाज आणि शिंका, आणि एका इंजेक्शनवर तासात सगळं बसलं, तर ती सौम्य. यातलं एकही हो असेल तर मी खाली जे सांगतोय त्यातलं बरंच बदलतं. आईलाच नीट विचारा, बायामाणसं पुष्कळदा तेव्हाचं सांगत नाहीत, "जाऊ दे, झालं गेलं" म्हणतात. आमच्याकडे यावलकडची एक आजी आली होती, तिची सून सांगत होती फक्त खाज आली होती, मी आजीशी अहिराणीत बोललो, काय व्हयनं व्हतं माय, तर ती म्हणाली गळा दाटून आला होता, बोलताच येत नव्हतं. सून बाहेर बाकावर बसलेली, तिला ते माहीतच नव्हतं. तिचा सगळा प्लॅन आम्ही तिथेच बदलला.

आणि उलटंही असतं. इंजेक्शन जाताना अंगभर गरम वाटणं, तोंडात लोखंडासारखी चव येणं, लघवी झाल्यासारखं वाटणं, मळमळ, एखादी उलटी, यातलं काहीही अ‍ॅलर्जी नाही, तो त्या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे, बहुतेकांना थोडाफार जाणवतोच. कोणी सुई बघून घाबरतो, घाम फुटतो, नाडी हळू होते आणि चक्कर येते, ती पण अ‍ॅलर्जी नाही. औषध शिरेच्या बाहेर गेलं आणि हात सुजला तर तो सुईचा प्रश्न, हात वर धरायचा, थंड शेक द्यायचा आणि सूज वाढत नाही ना ते बघत राहायचं. पण फाईलवर या सगळ्यांनाच "कॉन्ट्रास्ट अ‍ॅलर्जी" असा शिक्का बसतो आणि तो आयुष्यभर निघत नाही. भुसावळच्या एका रिटायर्ड रेल्वेवाल्याची आठ वर्षं अशीच गेली, प्रत्येक वेळी साधा स्कॅन, आणि शेवटी विचारलं तर त्याला फक्त गरम वाटून एक उलटी झाली होती.

थोडं मागचं सांगतो, कारण लोकांच्या मनातली भीती बरीचशी जुन्या औषधाची आहे. मी लागलो तेव्हा आपल्याकडे मुतखड्यासाठी आयव्हीपी (शिरेत कॉन्ट्रास्ट देऊन काढलेले किडनीचे एक्स-रे) व्हायची, रांगा असायच्या, खान्देशात मुतखड्याचे पेशंट काही कमी नाहीत. त्यात जे जुनं आयॉनिक औषध (म्हणजे विरघळल्यावर विद्युतभार असलेले कण होणारं) द्यायचो ते रक्ताच्या मानाने कितीतरी पट तीव्र असायचं, उलट्या तर रोजच्याच, गांधी आठवड्याला. १९६० च्या दशकाच्या शेवटी स्वीडनच्या टॉर्स्टन आल्मेन नावाच्या रेडिओलॉजिस्टने विचार मांडला की या औषधाचा आयॉनिकपणाच काढून टाकला तर त्रास कमी होईल, आणि त्यातून पुढे आजची नॉन-आयॉनिक औषधं आली. फरक किती पडला ते १९९० साली जपानमधल्या कातायामा आणि सहकाऱ्यांनी तीन लाखांहून जास्त पेशंटवर दाखवलं. जुन्या औषधाने कुठलाही त्रास झालेले १२.६६ टक्के, नव्याने ३.१३ टक्के, आणि गंभीर रिअ‍ॅक्शन जुन्याने ०.२२ टक्के तर नव्याने ०.०४ टक्के. म्हणजे दहा हजारांत २२ होत्या त्या ४ वर आल्या. मामांनी ज्या कोणाची गोष्ट ऐकली असेल ती त्या काळातली असू शकते. मामांना दोष देत नाही, बहिणीची काळजी आहे म्हणून बोलतात, पण त्यांना हे आकडे जरूर सांगा.

आता आईच्या बाबतीत धोका दहा हजारांत ४ एवढाच आहे का, तर नाही, तसं सांगितलं तर ती फसवणूक होईल. ज्याला एकदा अशी रिअ‍ॅक्शन आलीय त्याला पुन्हा येण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण पाचपट धरतात. दमा असेल, इतर औषधांच्या अ‍ॅलर्जी असतील तर थोडी आणखी वाढते. पण एक दिलासा आहे की पुन्हा आली तरी बहुतेकांना ती पहिल्यासारखीच येते, ज्याला फक्त गांधी उठल्या त्याला परत गांधीच. बहुतेकांना म्हणतोय, सगळ्यांना नाही, म्हणूनच तयारी लागते.

मुद्द्याकडे येतो. पहिला प्रश्न मी कधीच "अ‍ॅलर्जी आहे तर कसं करायचं" हा घेत नाही, आधी बघतो कॉन्ट्रास्ट खरंच लागतोय का. आईला मुतखडा बघायचा असता तर मी म्हणालो असतो साधा सीटी करा, कॉन्ट्रास्टची गरजच नाही, खडा साध्यातच उठून दिसतो. पण किडनीवरच्या गाठीचं तसं नाही. तिथे सगळा निकाल एका गोष्टीवर लागतो, त्या गाठीत रक्त जातं का. कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर आम्ही गाठीची घनता मोजतो, ती सीटीच्या मापाने २० युनिटपेक्षा (हाउन्सफील्ड युनिट) जास्त वाढली तर गाठ ठोस आहे, रक्त घेतेय, कॅन्सरचा विचार करावा लागतो, वाढली नाही तर ती घट्ट पाण्याची गाठ असू शकते. साध्या सीटीत चरबीची गाठ असेल तर ती बरेचदा कळते, बाकी अर्धवटच राहतं. म्हणून सर्जन म्हणतात ते बरोबर आहे, आणि "जाऊ दे, साधा करून टाकू" हे करू नका, पैसे जातील आणि प्रश्न तिथेच राहील.

दुसरा रस्ता एमआरआयचा. एमआरआयमध्ये वापरतात ते गॅडोलिनियमचं औषध, ते वेगळ्या घराण्यातलं आहे, त्यात आयोडीन नाही, आणि सीटीच्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली म्हणून त्याचीही येईल असं नाही. किडनीच्या गाठीसाठी एमआरआय चांगला चालतो. गॅडोलिनियमचीही रिअ‍ॅक्शन येऊ शकते पण सीटीच्या औषधापेक्षा कमी जणांना येते. त्याची वेगळी अडचण म्हणजे किडनी फार खराब असेल तर काही जुन्या प्रकारच्या औषधांनी चामडी आणि आतले भाग कडक होण्याचा आजार होतो, तो संबंध २००६ मध्ये लक्षात आला, आता मॅक्रोसायक्लिक (गॅडोलिनियम कड्यात घट्ट धरून ठेवणाऱ्या) प्रकारची औषधं वापरतात त्यात हा धोका अगदीच कमी आहे, आणि आईचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) तुम्ही ०.९ म्हणजे ठीक लिहिलंय तेव्हा तो प्रश्न इथे नाही. मग सरळ एमआरआयच का नाही? करता येईल, सर्जनना विचारा. पण खर्च जास्त, वेळ जास्त, श्वास धरून पडावं लागतं, आणि ऑपरेशन करायचं ठरलं तर रक्तवाहिन्यांचा नकाशा सीटीवर बघायची सर्जनला सवय असते. आईची रिअ‍ॅक्शन गंभीर होती असं निघालं तर मात्र माझं मत सरळ एमआरआय.

सौम्यच होती असं धरून पुढे जातो. अशा पेशंटला मी सीटी करतो, आणि त्यात सगळ्यात जास्त भर देतो औषध बदलण्यावर. आधी आला होता तो कॉन्ट्रास्ट कुठला हे कळलं तर तो सोडून दुसरा वापरायचा. इथे एक बारकावा आहे जो पुष्कळ ठिकाणी सुटतो. ही औषधं नावाने वेगळी असली तरी काहींच्या बाजूच्या साखळ्या सारख्या असतात. आयोहेक्झॉल आणि आयोडिक्झॅनॉल ही त्यातली जोडी, आयोडिक्झॅनॉल म्हणजे ढोबळमानाने आयोहेक्झॉलचे दोन तुकडे जोडलेले. तेव्हा आयोहेक्झॉलने गांधी उठल्या आणि सेंटरवाला म्हणाला आम्ही भारीतलं आयोडिक्झॅनॉल देतो, तर ते महाग आहे, किडनीवाल्यांना काही ठिकाणी देतात सगळं खरं, पण अ‍ॅलर्जीच्या हिशोबाने ती सख्खी भावंडंच झाली. आयोहेक्झॉलने झालं असेल तर मी साखळ्या वेगळ्या असलेलं, आयोपामिडॉल किंवा आयोबिट्रिडॉलसारखं, मागवतो. हे मिळतं, फक्त दोन दिवस आधी सांगावं लागतं.

पण हे सगळं कशावर अडतं तर नावावर. मला दहातल्या सात-आठ पेशंटमध्ये औषधाचं नावच मिळत नाही. माझ्याच एका नातेवाईक बाईंना दुसऱ्या गावी रिअ‍ॅक्शन आली, डिस्चार्ज कार्डवर "रिअ‍ॅक्शन टू डाय" (डाय म्हणजे हाच कॉन्ट्रास्ट) एवढंच लिहिलं, मी त्या सेंटरला फोन केला तर म्हणाले रजिस्टरमध्ये नाव लिहीतच नाही, जे असेल ते देतो. वर्षभराने त्यांना पुन्हा स्कॅन लागला आणि मला अंदाजाने औषध निवडावं लागलं. काही झालं नाही, पण त्या दिवशी इंजेक्टरचं बटण दाबताना माझ्या मनाची जी अवस्था होती ती मी विसरलो नाही. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक रिपोर्टवर औषधाचं नाव, किती एमएल आणि काही त्रास झाला का हे छापूनच जातं.

आता स्टेरॉईडचं. पूर्वी, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी, अशा पेशंटला आधी स्टेरॉईडच्या गोळ्या देतात, अमेरिकन पद्धत आहे १३ तास, ७ तास आणि १ तास आधी, शेवटच्या डोसबरोबर खाजेचं औषध. ते काही प्रमाणात उपयोगी पडतं पण हमी नाही, गोळ्या घेऊनही रिअ‍ॅक्शन येतात हे मी पाहिलंय. युरोपातल्या तज्ज्ञांनी पुराव्याअभावी ही पद्धत सोडून दिली, अमेरिकेतही आता सौम्य रिअ‍ॅक्शनला गोळ्यांपेक्षा औषध बदलण्यावर भर आहे. माझं स्वतःचं असं की सौम्य असेल आणि मागच्या वेळच्या औषधाचं नाव कळलं असेल तर फक्त बदलतो, स्टेरॉईड देत नाही. नाव कळलंच नसेल, किंवा रिअ‍ॅक्शन मध्यम होती, तर देतो. आणि आईला शुगर आहे म्हणता, स्टेरॉईडने शुगर दोन दिवस चढते, तेव्हा द्यायचंच ठरलं तर शुगरच्या डॉक्टरांना आधी सांगून. या गोळ्या माझं वाचून मेडिकलवरून आणून घेऊ नका, कृपा करून.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो, स्कॅनच्या टेबलावर झोपवून पाच मिनिटं आधी एक डेक्साचं (हे पण स्टेरॉईडच) इंजेक्शन मारणं म्हणजे तयारी नाही. स्टेरॉईडला काम करायला तास लागतात, किमान चार-पाच तरी. ते इंजेक्शन नातेवाइकांच्या समाधानासाठी असतं, पेशंटला त्याचा उपयोग नाही.

तसंच टेस्ट डोस. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. एक एमएल शिरेत देऊन दहा मिनिटं थांबायचं आणि काही झालं नाही तर "पास" म्हणायचं, ही पद्धत कशावरही उभी नाही. टेस्ट डोसला काही न झालेल्या माणसाला पूर्ण डोसला गंभीर रिअ‍ॅक्शन येऊ शकते, आणि कधीकधी त्या एक एमएललाच येते. कारण या रिअ‍ॅक्शन बऱ्याचदा औषधाने पेशीतून सरळ हिस्टामिन (खाज-गांधी आणणारं रसायन) सोडल्यामुळे होतात, आधी कधी औषध घेतलेलं असावंच लागतं असं नाही. फार वर्षांपूर्वी, मी नोकरी करायचो त्या ठिकाणी, पस्तिशीतला एक पेहेलवान गडी आला होता, पहिलाच स्कॅन, कसलीही अ‍ॅलर्जी नाही, टेस्ट डोस दिला, दहा मिनिटं काही नाही, आम्ही निर्धास्त झालो. पूर्ण डोस गेला आणि दोन मिनिटांच्या आत तो म्हणाला साहेब कसंतरी होतंय, आणि बीपी लागेना. अ‍ॅड्रिनॅलिन ट्रेमध्ये नव्हतं, वॉर्डातून पळत आणलं. तो वाचला. पण तो जो धावायचा वेळ गेला त्याला कारण आम्ही टेस्ट डोसवर ठेवलेला विश्वास होता. त्यानंतर मी टेस्ट डोस कायमचा बंद केला, आणि अ‍ॅड्रिनॅलिनची भरलेली ट्रे पेशंटच्या हाताशी ठेवल्याशिवाय एकही कॉन्ट्रास्ट दिलेला नाही.

(अ‍ॅलर्जीतज्ज्ञ चामडीवर पातळ केलेल्या औषधाची जी तपासणी करतात ती वेगळी. ती रिअ‍ॅक्शन आल्यानंतर साधारण एक ते सहा महिन्यांत केली तर कुठलं औषध टाळायचं आणि कुठलं चालेल हे ठरवायला मदत होते. आईच्या वेळेला दोन वर्षं झाली, तेव्हा आता त्यासाठी मुंबई-पुण्याला धावा असं मी म्हणणार नाही, सौम्य रिअ‍ॅक्शनला तर नाहीच. गंभीर असती तर म्हणालो असतो.)

म्हणून सेंटर निवडताना टेस्ट डोस देता का हे विचारू नका, हे विचारा की मागच्या रिअ‍ॅक्शनचं सांगितलं तर तुम्ही औषध बदलून द्याल का, स्कॅनच्या वेळी डॉक्टर खोलीशेजारी हजर असतील का, अ‍ॅड्रिनॅलिन आणि ऑक्सिजन जागेवर आहे का. गंभीर रिअ‍ॅक्शनमध्ये जीव वाचवतं ते अ‍ॅड्रिनॅलिन, मोठ्या माणसाला अर्धा एमएल मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, लगेच. एव्हिल आणि डेक्सा नंतरची. एव्हिलने गांधी बसतात, पडलेलं बीपी वर येत नाही. मला आजही असे जण भेटतात जे अ‍ॅड्रिनॅलिनला घाबरतात आणि आधी एव्हिल, मग हायड्रोकॉर्ट (स्टेरॉईडचं इंजेक्शन), मग बघू असं करतात, आणि तोवर हातातली वेळ निघून जाते. आईच्या केसमध्ये मी म्हणेन हा स्कॅन एकट्यादुकट्या सेंटरपेक्षा आयसीयू असलेल्या हॉस्पिटलमधल्या मशीनवर करा. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे मेडिकल कॉलेज आहे, खासगी हॉस्पिटलंही आहेत, सर्जननाच विचारा ते कुठे सुचवतात.

बीपीच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाही, ते बघून घ्या. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशी बीटा ब्लॉकर गोळी असेल तर रिअ‍ॅक्शन आल्यावर अ‍ॅड्रिनॅलिन नीट काम करत नाही, मग आम्हाला ग्लुकॅगॉन नावाचं दुसरं इंजेक्शन तयार ठेवावं लागतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, फक्त आम्हाला सांगायचं. शुगरची मेटफॉर्मिन असेल तर क्रिएटिनिन ०.९ वर थांबवायची गरज नाही, किडनी फार खराब असलेल्यांची ती थांबवतात. थायरॉईड वाढलेलं असेल, म्हणजे जास्त काम करणारं, तर मात्र आधी सांगा. हे किडनीचं आणि थायरॉईडचं अ‍ॅलर्जीशी काही घेणंदेणं नाही, पण लोक सगळं एकाच टोपलीत घालतात म्हणून वेगळं करून सांगितलं.

उपाशीपोटी फार वेळ ठेवू नका. सकाळी चोपड्याहून निघून पन्नासेक किलोमीटर उन्हात येणार, वर पाणी बंद, मग चक्कर येते आणि ती चक्कर रिअ‍ॅक्शन म्हणून लिहिली जाते. आमच्याकडे दोन-तीन तास जड जेवण नको एवढंच सांगतो, पाणी चालू. मे महिन्यात भुसावळ-जळगावचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, कोरड्या पडलेल्या किडनीलाही हे औषध मानवत नाही. तिथे मात्र सेंटरचे नियम पाळा, त्यांची पद्धत वेगळी असेल.

स्कॅन झाल्यावर सुई लगेच काढू देऊ नका, अर्धा तास तिथेच बसा. बहुतेक गंभीर रिअ‍ॅक्शन पहिल्या वीस मिनिटांत येतात. झालं म्हणून लगेच स्टँडवर जाऊन एसटीत बसणारे पेशंट मी थांबवून घेतलेत, कारण पाळधीच्या पुढे रस्त्यात गळा दाटला तर कोण काय करणार. आणि तासाभरानंतर ते आठवडाभरात कधीही अंगावर लालसर पुरळ येऊ शकतं, ते उशिराचं, बहुतेकदा खाजेच्या औषधावर आठवड्यात जातं. पण पुरळाबरोबर ताप, तोंडात फोड किंवा चामडी सोलायला लागली तर त्याच दिवशी दाखवायचं. धडगाव-तळोद्याकडच्या पेशंटला मी हे निघताना दोनदा सांगतो, कारण तिकडून परत यायला दिवस जातो.

तर एवढ्यात तुम्ही करायचं ते असं. आईशी बसून त्या दिवशी नेमकं काय काय झालं ते लिहून काढा, गळा-श्वास-बीपीचं खास विचारून. मग जुन्या सेंटरला फोन करा, तारीख सांगा आणि इंजेक्शनचं नाव विचारा, बिलावर किंवा मेडिकलच्या पावतीवर बरेचदा असतं, कारण काही ठिकाणी बाटली नातेवाइकांनाच आणायला लावतात, तुमच्याकडे ती जुनी पावती असेल तर शोधा. ते नाव घेऊन सर्जनकडे जा आणि त्यांना रेडिओलॉजिस्टशी बोलायला सांगा, आपण मध्ये निरोप्या होऊ नका. ३ सेंटीमीटरची गाठ आज उद्याचा प्रश्न नसते, आठ-दहा दिवस या तयारीत गेले तर चालतं, पण भीतीपोटी सहा महिने गेले तर नाही.

आणि फाईलवरचं ते "आयोडीन अ‍ॅलर्जी" खोडून घ्या. त्या जागी औषधाचं नाव, तारीख, "गांधी, खाज, शिंका, एव्हिलने तासात बरं, श्वास-बीपी ठीक" असं लिहून घ्या, त्याचा फोटो तुमच्या आणि भावाच्या फोनमध्ये ठेवा. नाव मिळालंच नाही तर तसं लिहा की नाव मिळालं नाही. घरात आयोडीनचं मीठ आजपासून चालू करा, बीपीमुळे कमी घ्यायचं असेल तर ते डॉक्टर सांगतील तेवढं, पण सैंधवाने आईचा काही बचाव होत नाहीये, आणि मासे आवडत असतील तर खाऊ द्या त्यांना. गळा-श्वासाच्या प्रश्नांची उत्तरं आणि औषधाचं नाव कळलं की इथेच लिहा, मी बघतो.